भोपाळच्या तळ्यावर वेंगुर्ल्याची आठवण

होळीच्या सुट्टीत आम्ही दोघं भोपाळला गेलो होतो. मुलगी तिथे इंजिनिअरिंगला आहे. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट भोपाळ. गाडी बदलायची कटकट नाही.

तिने आम्हाला 'बडा तालाब' दाखवला. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला म्हणून ओळखला जाणारा हा तलाव २००२ पासून रामसर यादीत आहे. वनविहाराच्या कडेने चालताना पाण्यावर राखाडी-पांढरे पक्षी दिसले. काळी टोपी, पिवळीधमक चोच, दुभंगलेली शेपटी. हवेत क्षणभर थबकून दगडासारखे पाण्यात पडत आणि मासा घेऊन उठत.

"बाबा, इथे कुठला समुद्र? मग हे समुद्रपक्षी कसे?"

मी शिकवतो इतिहास, पण पक्ष्यांचा नाद जुना. म्हटलं, हा नदी सुरय, कन्नडमधला रीव. भद्रा धरणाच्या बेटांवर याचीच वसाहत असते. हा गोड्या पाण्याचा. याचा खरा दर्यावर्दी भाऊबंद म्हणजे ब्रायडल्ड टर्न. पाठ गडद तपकिरी-राखाडी, पोट पांढरं, कपाळापासून डोळ्यामागे गेलेली पांढरी भुवई आणि चोचीपासून डोळ्यातून जाणारी लगामासारखी काळी रेघ. उष्ण कटिबंधातल्या महासागरांवर तो फिरतो, पाण्याच्या पृष्ठभागावरचे छोटे मासे टिपतो, तरंगत्या ओंडक्यावर विसावतो. पावसाळी वादळात कधी भरकटून जमिनीवर येऊन पडतो. एरवी जमिनीवर येतो तो फक्त पिल्लांसाठी. खडकाच्या कपारीत एकच अंडं घालतो. माणसांची वर्दळ वाढली की ते अंडंही धोक्यात.

"आणि येतो कुठे?"

"आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर. दीपगृह आहे ना, तिथे."

ती थांबलीच. वेंगुर्ल्याला आम्ही दर मे महिन्यात जायचो. बांगडे खाल्ले, वाळूत किल्ले केले, पण त्या खडकांकडे मी तिला कधी बोट दाखवलं नव्हतं. ते सांगायला नऊशे-हजार किलोमीटर लांब यावं लागलं.

शिक्षण संपल्यावर परदेशी जायचं तिच्या मनात आहे. परतताना तिने विचारलं, "एवढ्या समुद्रातून त्याला तोच खडक सापडतो कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिची आई मात्र म्हणाली, "खडक जागेवर राहिला पाहिजे, एवढं आपल्या हातात."