तिसऱ्यांवरचं विणकाम

वडगावात राहणाऱ्या माणसाला शांतता सोसत नाही. सकाळपासून गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट कानात असते. एखाद्या घरातली ती थांबली की शेजारीण डोकावून विचारते, "काय झालं वो, लाईट गेली काय तुमची?" आमच्या घरातली खटखट २०२१ च्या मार्चमध्ये कायमची थांबली, तेव्हा मात्र कुणी विचारायला आलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात मागाच्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. मोटारी भिजल्या, ताणा चढवलेला तसाच कुजला. कर्ज काढून दोन माग चालू केले, तोवर २०२० चा लॉकडाऊन आला. साड्या घड्या घालून कपाटात, व्यापारी फोन उचलेना. शेवटी चारही माग भंगारात गेले. चौतीस वर्षं ज्यावर घर चाललं, ते लोखंड किलोच्या भावानं टेम्पोत चढताना मी पाहिलं. ह्यांनी पाहिलं नाही. हे त्या वेळी मागच्या परसात जाऊन उभे होते.

त्यानंतर ह्यांचं बोलणंच संपलं. मागाच्या आवाजानं कान आधीच मंद झालेले, त्यामुळे कमी बोलायची सवय होतीच. पण हे वेगळं होतं. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे.

आमची लेक गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मांद्र्याला दिलेली आहे. त्या वर्षी दिवाळीनंतर तिनं हट्टच धरला, आठ दिवस या म्हणून. ह्यांची मुळीच तयारी नव्हती. जावयाच्या घरी आठ दिवस राहायचं म्हणजे काय, हा जुना प्रश्न. पण जावईबापू स्वतः गाडी घेऊन आले, मग नाही म्हणवेना. चोर्ला घाटातून उतरताना मला गाडी लागली, एवढंच त्या प्रवासातलं आठवतं.

घरापासून समुद्र चालत पंधरा मिनिटांवर. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं, म्हणून त्या दिवसांत समुद्र जास्त वस्तू किनाऱ्यावर आणून टाकतो, असं विहीणबाईंनी सांगितलं. भरती ओसरली की वाळूवर त्या सगळ्याची एक लांब वेडीवाकडी ओळ राहते. त्यात काय नव्हतं! नारळाची सोडणं, जाळ्यांचे नायलॉनचे हिरवे तुकडे, एका पायाची चप्पल, औषधाची बाटली, आणि मधूनमधून शंख-शिंपले. मला तर ती पहिल्या दिवशी कचऱ्याची ओळच वाटली.

नातू तेव्हा सातवीत होता. त्याला ती ओळ पाठ होती. त्यानं मला एक चपटी पांढरी चकती दाखवली, वर पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं. मी म्हटलं, कुणीतरी रांगोळीचा छाप मारलाय. विहीणबाई हसल्या. "हें फूल न्हय, विहीणबाई, जीव आशिल्लो तो." तो समुद्रातल्या एका जिवाचा सांगाडा, तारामासा आणि काटेरी समुद्री अर्चिन यांचा भाऊबंद. या साऱ्या कुळाची घडणच पाचाच्या हिशेबानं होते. त्या पाकळ्या म्हणजे बारीक छिद्रांच्या ओळी, तिथून तो श्वास घेत असे. मी आयुष्यभर पाच पाकळ्यांची रांगोळी काढत आले आणि ती कुणाच्या पाठीवर श्वास घ्यायच्या कामी येते हे मला साठीला कळलं.

मग भोकं पडलेले शिंपले सापडले. एकेका शिंपल्याला नेमकं एकच गोल भोक, कडा आत उतरती, जणू सोनारानं पाडलेलं. माळ ओवायला किती सोयीचं, असं मी म्हटलं. नातू म्हणाला, "आजी, त्याला खाल्लंय गं." वाळूतला एक गोल शंखवाला प्राणी शिंपल्याला कवटाळतो, आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करतो, दातेरी जिभेनं खरवडत भोक पाडतो आणि आतला जीव खातो. त्या माळेचा विचार मी सोडून दिला.

ह्या सगळ्या वेळात हे मागे, पाण्याकडे बघत उभे.

संध्याकाळी जावयांनी शंखाच्या वळणांची गोष्ट सांगितली. ते हायस्कुलात गणित शिकवतात. शंख फक्त तोंडाशी वाढतो, जुना भाग आहे तसा राहतो, आणि वाढतानाही आकार तोच राहतो. म्हणून आतून बाहेर येताना वळणांमधलं अंतर वाढत जातं. याकोब बर्नुली नावाच्या गणितज्ञाला हे वळण इतकं आवडलं होतं, की ते आपल्या थडग्यावर कोरावं अशी त्याची इच्छा होती. १७०५ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावी वारला. पण दगड घडवणाऱ्यानं चुकीचं वळण कोरलं, सगळीकडे सारखं अंतर असलेलं, गुंडाळलेल्या दोरीसारखं. ते आजही तसंच आहे.

"त्याला ग्राफ दिला नसेल कुणी," हे म्हणाले.

सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले असेन, कारण लेक माझ्याकडे बघायला लागली. मार्चपासून ह्यांनी स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी त्या घरी तिसऱ्यांचं सुकं होतं. जेवणं झाल्यावर विहीणबाई शिंपल्या माडाच्या बुंध्याशी टाकायला निघाल्या, तर ह्यांनी त्यांच्या हातातलं ताट घेतलं. मागच्या नळावर बसून एकेक शिंपली धुतली, पंचाने पुसली आणि ओट्यावर ओळीनं मांडायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावयाच्या घरी सासरे खरकटं निवडत बसलेत! मी हळूच म्हटलं, "अहो, काय हे?" तर म्हणाले, "इकडं ये. हे बघ की."

काही शिंपल्यांवर तपकिरी रेघांची नागमोडी नक्षी होती. कुठे त्रिकोण, कुठे तंबूसारखी टोकं, एकात एक अडकलेली. पण ह्यांचं बोट भलतीकडे होतं. "हे विणलंय," हे म्हणाले. "छापलेलं नाही. कडेला एकेक ओळ घालत गेलंय. ही बघ आडवी ओळ, ही तिच्यापुढची. आणि इथं बघ, इथं माग थांबलेला."

एका शिंपलीवर खरंच मधोमध आडवा व्रण होता. त्याच्याखाली नक्षी विस्कटलेली, थोड्या अंतरावर पुन्हा जुळलेली. कधीतरी खेकड्यानं म्हणा, कुणी म्हणा, तिची कड मोडली होती; आतल्या जिवानं ती सांधून पुढे काम चालू केलं होतं. तुटलेला धागा सांधल्यावर कापडात दिसतं, तसंच. ह्यांनी ती शिंपली रुमालात बांधून खिशात ठेवली.

जावई म्हणाले, तुम्ही म्हणताय ते अगदी खरं आहे. कवच कडेलाच वाढतं आणि रंगही कडेलाच भरला जातो, म्हणून शिंपलीवरची नक्षी म्हणजे तिच्या आयुष्याची एकेक ओळ लिहून ठेवल्यासारखी. अशाच तंबूंच्या नक्षीच्या एका शंखाला लिनियस या शास्त्रज्ञानं १७५८ मध्ये नाव दिलं, 'टेक्स्टाइल'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विणलेलं. (तो शंख जिवंत असेल तर मात्र हात लावू नये; त्याचा डंख माणसाच्या जिवावर बेतू शकतो.) आमच्याकडे हे ऐकून कुणाला अभिमान वाटायचा तो वाटला.

बेळगावला परतल्यावर रिकाम्या खोलीत टेबल आलं, त्यावर ग्राफचे कागद, लाल-काळी पेनं आणि नातवाचं भिंग. डिझाइन काढायची ती आमच्या धंद्यातली पद्धतच आहे. ग्राफचा एक चौकोन म्हणजे एक धागा. जॅकार्डनं १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये भोकांच्या पत्त्यांचा माग केला, तेव्हापासून नक्षीच्या एका ओळीला एक पत्ता, हे गणित चालत आलंय. काठाची नक्षी शंभर ओळींची असेल तर शंभर पत्ते. ते माळेसारखे जोडले की नक्षी संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू. यालाच रिपीट म्हणतात. रिपीट सापडला की डिझाइन झालं.

ह्यांना तो सापडेना. एक महिना गेला. शिंपलीवरचे त्रिकोण मोजायचे, खूण करायची, पुढे तीच जुळणी परत येईल म्हणून बघायचं. ती यायची नाही. सारखी वाटायची, पण सारखी नसायची. शेजारच्या गल्लीत आमच्याकडेच शिकलेला एक मुलगा आहे, त्याचे माग अजून चालू आहेत. त्याला हे ग्राफ दाखवून आले. तो म्हणाला, "काका, हे जॅकार्डवर बसणार नाही. पत्ते किती लावू? आणि काठ सारखा नसेल तर गिऱ्हाईक म्हणेल माल डिफेक्टचा आहे." खरंच होतं त्याचं. मला वाटलं, आता पुन्हा खुर्ची आणि गप्प बसणं.

पण एका रात्री जेवताना हे म्हणाले, "त्या विणकराकडं पत्तेच नाहीत. तो मागच्या ओळीकडं बघतो आणि पुढची घालतो. एवढंच करतो तो."

मी ते फोनवर जावयांना सांगितलं, तर ते क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, अहो आई, यावर मोठमोठ्या लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञानं १९५२ मध्ये मांडलं होतं, की दोन द्रव्यं एकमेकांवर काम करत पसरत गेली तर आपोआप ठिपके आणि पट्टे तयार होऊ शकतात. कुठलाही नकाशा लागत नाही. हान्स माइनहार्ट या जर्मन शास्त्रज्ञानं पुढे त्याच वाटेनं संगणकावर शंख-शिंपल्यांची नक्षी काढून दाखवली आणि १९९५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कडेवरची एक पेशी रंग सोडू लागली की शेजारणीला उठवते आणि स्वतः थकून थांबते. शेजारीण तिच्या शेजारणीला उठवते. असा रंग दोन्ही बाजूंना पसरतो. कवच तेवढ्यात पुढे वाढत असतं, म्हणून दोन तिरप्या रेघा उमटतात. समोरून दुसरी रेघ आली की दोघी तिथेच संपतात आणि टोक तयार होतं. नियम एकच, पण सुरुवात आणि अडथळे प्रत्येकीचे निराळे, म्हणून एक शिंपली दुसरीसारखी होत नाही.

हे सगळं मी ह्यांना मोठ्यानं ओरडून सांगितलं. कान तसे आहेत. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "थकलेली किती ओळी थांबते?"

ते जावयांनाही सांगता आलं नाही. मग ह्यांनीच ठरवलं, तीन. रोज रात्री जेवणानंतर वीसेक ओळी घालतात, मागच्या ओळीकडे बघून. चौकोन काळा करायचा की मोकळा सोडायचा, एवढाच प्रश्न. मी समोर बसून ओळी मोजते, पूर्वी कांड्या भरायची तशी. त्याचं कापड व्हायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्या शेजारच्या मुलानं हौसेनं एक हातभर नमुना विणून दिला, तोही मध्येच चुकलेला. तो टेबलावर अंथरलाय. मागांचं कर्ज अजून दोन वर्षांचं राहिलंय. सकाळी हे एका दुकानात हिशेब लिहायला जातात. तिथल्या मालकाला ह्यांचं मोठ्यानं बोलणं आवडत नाही, हे मला दुसऱ्याकडून कळलं.

गेल्या आठवड्यात माझी एक मोजणी चुकली आणि ह्यांनी एक ओळ भलतीच भरली. कागद फाडून नवा घ्या म्हटलं. ह्यांनी रुमालातली ती व्रणाची शिंपली काढून भिंगाखाली धरली, बराच वेळ बघितली, आणि चुकलेल्या ओळीच्या खालून पुढचं भरायला घेतलं. पाच-सहा ओळींनंतर म्हणाले, "लेकीला फोन लाव. या अमावास्येला उधाण किती मोठं असतंय, विहीणबाईंना विचारायला सांग."