क्रिकेटची बॅग

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. नळीत दारू भरायची, चिंधी कोंबायची, गजाने ठासायची आणि देवाचं नाव घ्यायचं. परवाना पीकसंरक्षणाचा. आमचं रान चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. ज्वारी हुरड्यात आली की रात्रीची रानडुकरं उतरत आणि सकाळी बघावं तर अर्धा बांध नांगरल्यासारखा. आजोबा ती बंदूक खांद्यावर टाकून भर गावातून जायचे. पारावरची माणसं उठून राम राम करायची. त्यातला आजोबांना किती आणि बंदुकीला किती, हे मला लहानपणीही कळायचं. निवडणूक लागली की ती तालुक्याला पोलीस ठाण्यात जमा करायची. तीही बैलगाडीत उघडीच जायची, आणि रस्त्यात कोणी विचारलं तर आजोबांना सांगायला बरंच वाटे. पुढे वडिलांनी परवाना चालवला नाही आणि बंदूक घरातून गेली.

आता घरात पुन्हा बंदूक आली आहे, ती माझ्या नातीची. मुलगा धुळ्याला नोकरीला आहे. तिथल्या एका हॉलमध्ये पोरं दहा मीटरवर हवेच्या रायफलीने नेम धरतात, तिथे ही जायला लागली. पहिलं वर्ष क्लासची रायफल वापरली. मग स्वतःची हवी झाली, कारण प्रत्येकाच्या खांद्याप्रमाणे, गालाप्रमाणे ती लावून घ्यावी लागते. जुनी म्हणून घेतली तरी माझ्या एका हंगामाच्या केळीचे पैसे त्यात गेले. कोणी म्हणालं, एवढ्यात पोरीचं लग्न निम्मं झालं असतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

रायफलीसोबत कंपनीची पेटी आली होती. काळी, लांब, कड्यांची. आत फोममध्ये बंदुकीच्या आकाराचे खाचे. ती पेटी घेऊन पहिल्यांदा धुळ्याहून गावी यायला एसटीत बसलो. कंडक्टरने विचारलं, "बाबा, या पेटीमा काय शे?" नात सरळ म्हणाली, "रायफल." एसटी एवढी गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती. पुढच्या सीटवरची एक म्हातारी उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली. नंतर जी तोंडं सुटली ती शिरपूर येईपर्यंत. केवढ्याची आहे? किती लांब जाते? डुक्कर मरेल का? एका पोराला तिच्यासोबत फोटो काढायचा होता. हे सगळं चालण्यासारखं होतं. पण मागच्या बाकावरच्या दोघांनी किंमत विचारली, मग गाव विचारलं, मग घर गावात आहे की मळ्यात ते विचारलं. ते मला आवडलं नाही.

घरी आल्यावर मी पुतण्याची क्रिकेटची बॅग काढली. त्याने खेळणं सोडून चार वर्षं झाली होती, बॅग माळ्यावर धूळ खात होती. चाकं असलेली, मोठी, एका बाजूला पॅड ठेवायचा कप्पा. तरी रायफल सरळ मावली नाही, बॅटीपेक्षा ती वीतभर लांब. तिरपी घातली तेव्हा बसली. बायकोने तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढून दिली. गोधडीच्या दोन घड्या खाली, दोन वर, मध्ये रायफल. साइट काढून वेगळ्या डबीत, तीही मोज्यात घालून. हवेचा सिलिंडर वेगळा. त्या सिलिंडरचं एक बघावं लागतं. त्यात दोनशे बारपर्यंत हवा कोंबलेली असते, म्हणून मे महिन्यातल्या आमच्या उन्हात तो एसटीच्या डिकीत तापत ठेवायचा नाही, आणि त्यावर तारीख असते, दहा वर्षं झाली की तो बाद. छर्‍यांची डबी तर अशी दिसते की तंबाखूवाला माणूस चुना शोधायला उघडेल.

जड जाकीट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट, हे सगळं वरून कोंबलं. झिप लावली. झालं, पोरगी क्रिकेट खेळायला निघाली.

पण तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, "आप्पा, मी चोरी केली आहे का? बॅडमिंटनवाली रॅकेट पाठीवर मिरवते, मीच का लपवायचं?" पोर दहावीला होती, आणि बरोबर बोलत होती. एवढं कष्टाने शिकायचं आणि रस्त्यात कोणी विचारलं तर खालमानेने बसायचं, हे कोणालाही टोचेल. मी विचार करत राहिलो. उत्तर माझ्या आधी बायकोने दिलं. ती भाकरी टोपलीत ठेवून वर फडकं घालत होती. म्हणाली, "हे मी काय कोनापासून लपाडी राहिनू का?" फडकं घातलं म्हणजे माशी बसत नाही, मांजर तोंड घालत नाही. जेवायला बसलेल्याने मागितली की फडकं बाजूला.

त्या दिवसापासून आमच्यात ठरलं. बॅगेबद्दल आपण होऊन कोणाला काही सांगायचं नाही. सहज कोणी विचारलं तर "खेळाचं सामान" म्हणायचं, ते खोटं नाही. आणि पोलिसाने विचारलं, रेल्वेवाल्याने विचारलं, तर त्याने झिपला हात लावायच्या आधी आपण तोंडाने सांगायचं की आत काय आहे.

हे शेवटचं मी जास्त ठासून सांगितलं, त्याला आमच्या भागाचं कारण आहे. चोपडा तालुक्याच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशाच्या हद्दीवर, उमर्टी गाव आहे. गावठी कट्ट्यांसाठी ते नाव पार पुण्याच्या पोलिसांपर्यंत पोचलेलं आहे. पेपरात कितीदा तरी तोच फोटो येतो. टेबलावर पिस्तुलं, मागे पोलीस, बाजूला तोंडाला फडकं बांधलेली पोरं, आणि ती पोरं सॅक घेऊन बसस्टँडवर उभी होती म्हणून संशय आला, अशी बातमी. तिथले घडवणारे हात पिढीजात कारागिरांचे आहेत, त्या हातांना दुसरं काम मिळालं असतं तर काय काय घडलं असतं, पण तो वेगळा विषय. सांगायचं एवढंच की ज्या रस्त्याने सॅकमधून कट्टा जातो, त्याच रस्त्याने माझी नात बॅगेतून रायफल नेते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

बंदूक झाकून नेणं आमच्या खान्देशाला नवीन नाही म्हणा. धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ १९४४ च्या एप्रिलात क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला. साडेपाच लाखांची ती रक्कम. त्या रस्त्याने ती माणसं हत्यारं काही मिरवत गेली नसतील. आम्ही शाळेत हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नातीला सांगितलं तर म्हणाली, "त्यांना सरकारपासून लपवायचं होतं आप्पा, मला कोणापासून?" पोरींना शिकवलं की अशी उत्तरं ऐकावी लागतात.

कायद्याचं मी माहिती करून घेतलं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेची बंदूक ०.१७७ इंचाची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची, आणि तिचा जोर २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीचा जोर त्याच्या निम्म्याहून कमी. परवान्याच्या खर्‍या बंदुकीबद्दलही तेच नियम सांगतात की सार्वजनिक जागी ती पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. आजोबांच्या खांद्यावरचा तो थाट आज कायद्यातच बसला नसता. हे वाचून दाखवलं तेव्हा नातीचा राग थोडा उतरला.

खरी परीक्षा २०२४ च्या विधानसभेच्या आचारसंहितेत झाली. परवान्याच्या बंदुका तेव्हा ठाण्यात जमा होत होत्या. आम्हाला पुण्याला स्पर्धेसाठी जायचं होतं. जळगावला गाडी पकडायला निघालो आणि रस्त्यात एका नाक्यावर एसटी थांबवली. तरुण पोलीस आत चढला, बॅगा चाचपत आला. आमच्या बॅगेवर हात ठेवला, दाबून पाहिलं. गोधडीतूनही लोखंड हाताला कळतं.

माझी छाती धडधडत होती. नात म्हणाली, "साहेब, यात एअर रायफल आहे, खेळाची. खाली उतरून दाखवते, इथे लोक घाबरतील."

एसटीच्या मागे, रस्त्याच्या कडेला तिने बॅग आडवी ठेवली. आधी कागद काढले. खरेदीचं बिल, संघटनेचं ओळखपत्र, स्पर्धेचं प्रवेशपत्र, आधार. मग गोधडी उलगडली. त्या पोलिसाने ती गोधडी बघितली, रायफल बघितली, आणि वरिष्ठांना फोन लावला. वीस मिनिटं गेली. कंडक्टर घड्याळ दाखवत होता, खिडक्यांतून चाळीस डोकी बाहेर. मग जीपजवळून एक वयस्कर हवालदार आले. त्यांनी कागद सावकाश वाचले. नळीतून बाहेर आलेली भगवी दोरी बोटाने धरून विचारलं, "हे काय?" नात म्हणाली, "नळी रिकामी आहे याची खूण, काका." त्यांनी मान हलवली. "म्हणजे तू त्या स्वप्नील कुसाळेचा खेळ खेळते." आणि बॅग बंद करायला स्वतः खाली बसून झिपचं टोक धरलं.

त्या नावाने आमचं काम केलं हे खरं. त्याच वर्षी १ ऑगस्टला कोल्हापूरकडच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या पोराने ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, ४५१.४ गुण. लोक पॅरिस पॅरिस म्हणतात, पण नेमबाजी झाली शातोरू नावाच्या गावी. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक पदक हे एवढंच. वडील शिक्षक, आणि हा स्वतः तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या होत्या. तेव्हा आमच्या गावात कोणाला पत्ताही नव्हता. पेपरात फोटो आल्याशिवाय खेळ खेळ होत नाही.

जळगावहून पुढचा प्रवास महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रीचा. बॅग खालच्या बर्थच्या आत ढकलून सायकलच्या साखळीने कडीला बांधली. समोरच्या माणसाने विचारलं, "बॅटिंग का बॉलिंग?" नात म्हणाली, "मी एका जागी उभी राहते." तो म्हणाला, "विकेटकीपर." आम्ही काही बोललो नाही. रात्री मी झोपलो नाही, प्रत्येक स्टेशनला खाली वाकून साखळी चाचपत होतो.

बालेवाडीच्या क्रीडासंकुलात पोचलो तेव्हा मात्र मला हसू आलं. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेलं हे संकुल, केवढं तरी मोठं. रेंजच्या बाहेर व्हरांड्यात पोरापोरींची रांग, आणि प्रत्येकाची बॅग वेगळी. क्रिकेटच्या बॅगा तर होत्याच. एकाने गिटारची बॅग आणली होती. एक पोरगी कॅमेर्‍याचं स्टँड ठेवायची लांब पिशवी घेऊन उभी. एकाच्या बॅगेवर कुठल्याशा जिमचं नाव. सगळा महाराष्ट्र दुसर्‍याच कुठल्या खेळाला निघालेला. मग तपासणीची वेळ झाली, एकामागून एक झिपा उघडल्या आणि सगळ्यांतून एकच वस्तू निघाली.

तिथे आईबाप बोलत बसतात. सोलापूरकडचे एक गृहस्थ म्हणाले, आम्ही पेटी वापरत होतो, स्टेशनवर एकदा पळवता पळवता राहिली, तेव्हापासून ही पिशवी. एका बाईंच्या मुलाकडे .२२ ची परवान्याची रायफल. त्यांचा जीव आमच्यापेक्षा टांगणीला. एकेका काडतुसाचा हिशोब, परवान्याची वही कायम अंगावर, आणि मुक्कामाच्या लॉजवाल्याला काय सांगायचं हा रोजचा प्रश्न. निवडणुकीत नेमबाजांना जमा करण्यातून सूट मिळते, पण तो कागद वेळेत हातात यावा लागतो. त्या म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगमध्ये अजून सगळ्यांना वाटतं, हा हॉकी खेळतो."

स्पर्धा म्हणजे बघणार्‍याला काही नसतं. सव्वा तासात साठ गोळ्या. नात जाकीट घालून उभी राहिली की झाडासारखी होते, हलत नाही. मी मागे खुर्चीवर. तिचा नंबर मध्ये कुठेतरी आला. तिला वाईट वाटलं, मला नाही.

परतताना गावच्या स्टँडवर उतरलो तर भाऊबंदांतली चार-पाच पोरं बॅगेला चिकटली. "ताई, बॅट दखाड ना. एक ओव्हर खेळू दे." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुझी बॅग आहे. तिने पोरांना खळ्यात बसवलं, रायफल गोधडीत तशीच ठेवली आणि बाजूच्या कप्प्यातून सरावाची दोन कोरी कार्डं काढून दिली. म्हणाली, यात दहा गुणांचा ठिपका कुठे आहे तो शोधा. तो ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, बाजरीच्या दाण्याहून लहान. पोरं अंधार पडेपर्यंत कार्डं डोळ्याला लावून बसली होती.