चांगल्या दिवशी वेलिंग्टन

काही शहरं बघायची असतात, काही ऐकायची असतात आणि काही अंगावर घ्यायची असतात. न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन ही तिसऱ्या जातीतली. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली पश्चिमेचे वारे सुटलेले असतात आणि त्यांना अडवायला वाटेत जमीन जवळजवळ नाहीच. हजारो मैल मोकाट आलेले हे वारे न्यूझीलंडच्या डोंगरांवर आपटतात आणि दोन बेटांमधल्या कूकच्या सामुद्रधुनीत घुसतात. ती सर्वांत अरुंद जागी अवघी 22 किलोमीटर. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर माणसांचं जे होतं, तेच तिथे वाऱ्याचं होतं. आणि या पुलाच्या नेमक्या तोंडाशी, एका सुंदर बंदराकाठी, त्या लोकांनी 1865 साली राजधानी आणून ठेवली!

"चांगल्या दिवशी वेलिंग्टनला तोड नाही," असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यामुळे असल्या वाक्यांतली बारीक अक्षरं मला लगेच दिसतात. 'चांगल्या दिवशी' म्हणजे 'अटी लागू'.

माझा मेव्हणा या शहरात नऊ वर्षं नोकरी करतो. सासरे गेल्यापासून आईनं आपल्याकडे येऊन राहावं असं त्याच्या मनात होतं आणि सासूबाई अलिबागचं घर सोडायला तयार नव्हत्या. शेवटी "चार दिवस बघून तर जा" यावर तडजोड झाली. त्यांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून सोबतीला आम्ही दोघं. सप्टेंबरअखेरचं क्लोजिंग उरकून ऑक्टोबरात निघालो. तेव्हा आमची ही सहल साधीसुधी नव्हती. तो मुलगी दाखवण्याचाच कार्यक्रम होता. फक्त दाखवायचं होतं शहर आणि पसंती हवी होती सासूबाईंची.

आणि नेमका पाऊस लागला.

मेव्हण्याचा चेहरा बघवेना. कॉम्प्युटर बंद पडल्यावर रांगेतल्या गिऱ्हाइकांपुढे आमचे मॅनेजर जसे उभे राहतात, तसा तो आईपुढे उभा. "उद्या उघडेल हं," हे वाक्य तो दर तासाला म्हणे.

"उघडेल तेव्हा उघडेल," सासूबाई म्हणाल्या. "पावसाला काय भ्यायचंय? छत्री आहे ना."

ती छत्री लांब दांड्याची, काळी, अलिबागचे पंधरा पावसाळे काढलेली. लॅम्बटन की नावाच्या हमरस्त्यावर पहिल्याच कोपऱ्याला ती उलटी झाली. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिच्या काड्या उरल्या. इकडेतिकडे पाहिलं, तर कचऱ्याच्या पेटीत आणखी दोन छत्र्यांचे सांगाडे. गावकऱ्यांपैकी एकाच्याही हातात छत्री नव्हती. सगळे जाकिटाची टोपी ओढून, कमरेत जरासे पुढे झुकून, शांतपणे कामाला चालले होते.

"आमचा पाऊस वरनं पडतो," सासूबाईंनी निकाल दिला, "हा समोरून येतो." आणि डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून त्या झुकून चालू लागल्या.

या लॅम्बटन कीवर पूर्वी समुद्र होता. 1840 सालचा किनारा कुठे होता ते दाखवणाऱ्या पट्ट्या आजही फुटपाथवर बसवलेल्या आहेत. काही जमीन भर घालून मिळवली, तर काही 1855 च्या भूकंपानं वर उचलून दिली. भूकंपानं दिलेली जमीन म्हणजे बिनव्याजी कर्ज. कधी परत मागेल, नेम नाही! म्हणूनच की काय, तिथली जुनी सरकारी कचेरी बघण्यासारखी आहे. लांबून दगडी राजवाडा वाटतो, जवळ जाऊन टकटक केलं की कळतं, सगळं लाकूड. थोडं भूकंपाच्या धास्तीनं आणि थोडं खर्चाच्या धास्तीनं 1876 साली हे असं बांधलं. यातलं दुसरं कारण मला मनापासून पटलं.

1902 पासून चालणाऱ्या लाल केबल कारनं आम्ही टेकडीवर गेलो. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. जमा आणि खर्च, ताळेबंद चोख. वर वनस्पती उद्यानात ट्यूलिप फुलले होते आणि सगळे एकाच दिशेला माना टाकून होते. "चांगल्या दिवशी इथून सगळं बंदर दिसतं," मेव्हणा म्हणाला. समोर धुकं होतं. आम्ही धुक्याचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरून बेसिन रिझर्व्हला गेलो. हे क्रिकेटचं मैदान म्हणजे पूर्वीचं तळं. तिथे जहाजांसाठी गोदी करायची योजना होती, पण त्याच भूकंपानं तळ वर आला आणि गोदीचं मैदान झालं. इथेच 1968 साली अजित वाडेकरांनी 143 धावा काढल्या. कसोटीतलं त्यांचं एकमेव शतक. बापू नाडकर्ण्यांनी दुसऱ्या डावात 43 धावांत 6 बळी घेतले. त्या दौऱ्यात भारतानं परदेशातली पहिली मालिका जिंकली. वाडेकर स्टेट बँकेत होते हो! बँकेचा माणूस एवढ्या वाऱ्यात उभा राहून शतक काढतो, या विचारानं मी ओल्या गवतापुढे दोन मिनिटं उभा राहिलो. "न्यूमोनिया झाला तर वाडेकर येणार नाहीत," ही म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ते पापा, म्हणजे तिथलं राष्ट्रीय संग्रहालय. 2024 च्या सप्टेंबरपासून परदेशी पाहुण्यांना 35 डॉलर पडतात. मनात रुपयांचा गुणाकार करून मी प्रत्येक वस्तू दोनदा पाहिली. खाली, रबर आणि शिशाच्या ज्या ठोकळ्यांवर ही अवाढव्य इमारत उभी आहे, ते ठोकळे दाखवतात. जमीन हादरली की इमारत थोडी सरकते, म्हणून मोडत नाही.

तिथून बंदरावरच्या जुन्या गोदामातल्या संग्रहालयात गेलो. मेव्हण्याला खरं तर ते टाळायचं होतं. तिथे 'वाहिने' बोटीची फिल्म दाखवतात. 10 एप्रिल 1968, म्हणजे वाडेकरांच्या शतकानंतर सव्वा महिन्यानं, ही प्रवासी बोट वादळात बंदराच्या तोंडाशीच खडकावर आदळली. बोटीवर 734 माणसं होती. त्या दिवशी 51 गेली, किनारा डोळ्यांसमोर असताना.

फिल्म संपली. मेव्हणा खाली बघत होता. शहर नापसंत व्हायला आणखी काय हवं?

"रामदाससारखंच," सासूबाई म्हणाल्या.

1947 च्या जुलैत मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, हे आम्हांला ऐकून माहीत होतं. पण सासूबाईंचा सख्खा काका त्या बोटीवर होता, हे त्यांच्या मुलांनाही माहीत नव्हतं.

"माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट," त्या म्हणाल्या. "आजी रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसायची म्हणे. पण गाव नाही सोडलं कुणी. माझे वडील पुढे त्याच वाटेनं बोटीनं मुंबईला जात-येत राहिले." मग त्या लेकाकडे वळल्या. "तू उगाच चार दिवस हवेची माफी मागतोयस. वाऱ्याचं मला काही नाही रे. तुम्ही दोघं कामावर गेलात की दुपारी मी बोलू कुणाशी?"

या प्रश्नाला न्यूझीलंडच्या हवामान खात्याकडे उत्तर नव्हतं. मेव्हण्याकडेही नव्हतं. पण नऊ वर्षांत प्रथमच तो हवा सोडून दुसऱ्या विषयावर आईशी बोलू लागला. रात्री उशिरापर्यंत दोघांचं चाललं होतं.

सकाळी तोडगा निघाला. दिवाळी झाली की सासूबाईंनी इकडे यायचं, कारण तेव्हा इथला उन्हाळा. आंब्याला अलिबागला परत. आणि त्या असतील तेव्हा मेव्हण्यानं आठवड्यातून दोन दुपारी घरून काम करायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर मुदत ठेवीला नकार, चालू खात्याला मंजुरी. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची तिथली पद्धत सासूबाईंनी उचललीच होती. त्या दिवशी "थँक्यू हं बाळा, येईन पुन्हा" असं मराठीत सांगून त्या उतरल्या.

पाचव्या दिवशी विमानतळाकडे निघालो आणि काय सांगू, लख्ख ऊन! बंदर निळंशार, पान हलत नाही. टेकडीवर शहराच्या नावाची मोठी पांढरी अक्षरं आहेत, त्यांतली शेवटची वाऱ्यानं उडून चालल्यासारखी मुद्दाम वाकडी उभी केलेली. मेव्हण्यानं गाडी थांबवली. नऊ वर्षांचा अभिमान त्याच्या आवाजात आला. "बघ आई! हा खरा वेलिंग्टन!"

सासूबाईंनी डोक्याचा स्कार्फ सोडला, चारी दिशांना पाहिलं आणि जरा हिरमुसून म्हणाल्या, "अगंबाई! आज काहीच नाही?"