पुसट शिवराई

शिवराई जमवणाऱ्यांचा जीव बहुधा ठसठशीत नाण्यात अडकलेला असतो. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, ठिपक्यांचं कडं शाबूत, मग किंमत विचारू नका. माझा कौल मात्र पुसट, चुकलेल्या नाण्याला. १६७४च्या राज्याभिषेकापासूनचा हा तांब्याचा पैसा महाराजांच्या पश्चात जवळपास दीडशे वर्षं पाडला गेला; कंपनी सरकारच्या अमलातल्या काही शिवरायांवर तर फसली सन आहे. या काळात कोरणारे हात बदलले, ‘शिव’चं ‘सिव’ झालं, ठसा मोठा नि चकती लहान म्हणून निम्मी अक्षरं काठाबाहेर गेली. शिवराई टांकसाळीचं नाव सांगत नाही. तिचं गोत्र शोधायचं ते चुकांवरूनच.

महाराजांच्या पश्चातही पैशावर बहुधा त्यांचंच नाव राहिलं, यात मला निष्ठा दिसते. कुणी म्हणेल, चालतं नाणं कोण बदलतो? यात निष्ठा कसली शोधता? आक्षेप अर्धा मान्य. पण मराठी टांकसाळींतल्या चांदीच्या रुपयांवर फारसीत दिल्लीच्या बादशहाचं नाव असे. रुपयाला परमुलखात आणि सावकाराच्या पेढीवर पत हवी होती. पैशाला मीठमिरचीच्या बाजारात. तिथे वाचता येणारे थोडेच, त्यामुळे अक्षरं ही वाचायची नव्हे, ओळखायची खूण होती. म्हणून तर ‘सिव’ही खपला. निष्ठा म्हणा वा सवय, बाजाराने पत दिली ती याच नावाला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वेळापूरला मिळालेली शिवराई वेळापूरची कशावरून? हे पंढरीच्या वाटेवरचं गाव, ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम, अर्धनारीनटेश्वराचं ठाणं. इथे नाणं कुठूनही येईल. खरंच आहे, गावावरून टांकसाळ ठरत नाही. पण नाणं कुठवर चाललं, हे कळतं, आणि तेही वीस-पंचवीस नगांच्या नोंदी असतील तरच. व्यापाऱ्याच्या पोत्यात सगळ्या गावांच्या शिवराया एकत्र झाल्या की ही माहिती कायमची गेली. वजन, व्यास आणि मिळाल्याचं गाव एवढं पाकिटावर लिहायला कितीसा वेळ लागतो? त्याऐवजी लोक चिंच लावून नाणं लख्ख घासतात, आणि उरलीसुरली वेलांटीही जाते.