पाण्याची साक्ष

परसात पोहण्यासाठी लहानसा तलाव बांधण्याची हौस आम्ही चाळिशी उलटल्यावर फेडली. देवळाच्या तळीत पोहायला शिकलेल्या माणसाला हा थाट शोभत नाही, असे आमच्या आईचे मत. परंतु तिचीच नातवंडे मे महिन्यात त्या पाण्यातून बाहेर निघेनात.

एके दिवशी मुले लाल डोळे चोळीत वर आली. पाण्याला क्लोरीनचा उग्र दर्प होता. आमचा निकाल तत्काळ लागला : माळ्याने औषध जास्त ओतले. "दोन दिवस औषध घातलेलंच नाही, साहेब," तो म्हणाला. असले नकार ऐकण्यात आमचे अर्धे आयुष्य गेलेले! घरच्या सर्वांदेखत आम्ही त्याला नाही नाही ते बोललो. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

औषध बंद होते, तरी वास वाढतच गेला. तेव्हा कुठे आम्ही तपासणीची पेटी आणली. कोपरभर खोलवरचे पाणी नळीत घेऊन त्यात फिनॉल रेडचे थेंब टाकले. पाणी लालभडक झाले; सामू ८.२ होता, तो ७.२ ते ७.८ हवा. दुसऱ्या चाचणीत मोकळा क्लोरीन दहा लाख भागांत अवघा ०.५ निघाला, एकूण मात्र २. उरलेला १.५ हा बांधला गेलेला. घाम आणि मूत्र यांतील द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. डोळे झोंबतात ते त्यांनी, आणि तो दर्पही त्यांचाच. म्हणजे औषध जास्त नव्हते, कमी होते! त्यातच सामू चढला की उरल्यासुरल्या क्लोरीनची जंतुनाशक धारही बोथट होते.

मुलांना पाण्याबाहेर ठेवून प्रथम आम्ल पाण्यात सौम्य करून ओतले व सामू ७.४ वर आणला. आम्ल आणि क्लोरीन एकमेकांना भेटू देऊ नयेत, विषारी वायू निघतो. म्हणून पंप बराच वेळ चालवून, ऊन उतरल्यावर, बांधील क्लोरीनच्या दसपट मात्रा दिली. मोकळा क्लोरीन ३ वर उतरला तेव्हा पाण्याला वास म्हणून उरला नव्हता.

पाणी सुधारले; निकाल फिरवायचा राहिला होता. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश आम्हीच झालो होतो, आणि खरे बोलणारा एकटाच शिक्षा भोगीत होता. आम्ही माळ्याच्या घरी गेलो, त्याला घेऊन आलो, आणि ज्या माणसांदेखत बोललो होतो त्यांच्यादेखतच चूक कबूल केली. तो काही बोलला नाही. नळी उचलून उजेडात धरली आणि रंग पाहू लागला.

देवळात पाय धुतल्यावाचून आपण पायरी चढत नाही. तलावाकाठी आता नळ बसविला आहे. अंग धुतल्यावाचून कोणी पाण्यात उतरत नाही. पेटी माळ्याच्या स्वाधीन आहे. तो आकडे सांगतो, आणि आम्ही मुकाट्याने ऐकतो.