खडबडीत अक्षर

आमच्या गावातील मंडळाने गेल्या हिवाळ्यात एक स्नेहसंमेलन योजिले होते व त्यास नाव दिले होते ‘आपले घर’. पत्रक काढण्याचे काम तरुण मंडळींकडे होते. त्यांनी संगणकावरून असा टाइप निवडला की, जणू कोणी झिजलेल्या कुंचल्याने भिंतीवर घाईघाईने अक्षरे ओढली आहेत! कडा फाटलेल्या, रंग मध्येच आटलेला, शिरोरेषा तुटक. पत्रक हाती पडताच एका वयोवृद्ध मावशींनी मला फोन केला, “बाई, ‘आपले धर’ म्हणजे नक्की काय धरायचे?”

प्रथम मी हसले. पण मावशींची चूक नव्हती. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील मुख्य भेद शिरोरेषेचा. ती जागा खरवडली की अर्थच पालटतो. हिब्रूतही दालेतचा कोपरा झिजला की त्याचा रेश होतो. शेमामधील ‘एहाद’ या शब्दाचा दालेत सेफेर तोरामध्ये मोठा लिहितात. तेथे रेश वाचला तर ‘एक’ याचे ‘दुसरा’ होईल!

पत्रक करणाऱ्या मुलास मी हे सांगितले. तो म्हणाला, “बाई, गुळगुळीत अक्षर बँकेच्या पत्रासारखे दिसते. हे हाताने लिहिल्यासारखे वाटते.”

त्याचे म्हणणे मला सर्वस्वी खोडता येईना. मुंबईत आम्ही नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांची अक्षरे पाहत वाढलो. प्रत्येक नाटकाला निराळा चेहरा असे; मात्र अक्षर कितीही वाकविले तरी नाव अडखळत वाचावे लागत नसे.

मी त्याला घरी बोलावून १८७४ साली पुण्यास छापलेल्या हगादाची छायाप्रत दाखविली. ती शिळाछापाची. हिब्रू व मराठी, दोन्ही मजकूर हाताने लिहिलेले; चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया मात्झा करताना दिसतात. त्या काळी मुंबईत निर्णयसागरचे सुबक टाइप होते. त्यांच्याशेजारी हे पान ओबडधोबडच वाटते. पण लिहिणाराने खडबडीतपणा मुद्दाम आणलेला नाही. त्याने होईल तितके सरळ लिहिले, आणि जे राहून गेले ते हाताचे. मग आम्ही पत्रक शेजारी ठेवले. खालच्या ओळीत तीन ‘र’ होते आणि तिन्हींना एकाच जागी, एकाच मापाचा ओरखडा! हाताकडून असे होत नाही. (काही चांगल्या टाइपांत एकाच अक्षराची दोनतीन रूपे आळीपाळीने येतात, हे त्यानेच मला सांगितले. विद्यार्थ्याकडून शिकण्याचे वय माझे अजून गेलेले नाही.)

अध्यापक विद्यालयात आम्हांला फलकलेखनाचे गुण असत. मागच्या बाकावरून वाचता आले नाही, तर अक्षर कितीही सुंदर असो, गुण कापले जात. तोच दंडक मी येथे लावला. तारीख, वेळ, पत्ता साध्या टाइपात घ्यावयाचे ठरले. मथळ्यासाठी मात्र मुलाने टाइप बाजूस सारला आणि स्वतःच कुंचला घेतला. सात कागद फुकट गेले. आठव्यावरील ‘घ’ची शिरोरेषा अखंड उतरली.

संमेलनास मावशी आल्या. दाराशी लावलेल्या पत्रकापुढे थांबून, चष्मा सावरून त्यांनी मोठ्याने वाचले, “आपले घर.” मग “र जरा वाकडा आलाय” असे म्हणून त्या आत गेल्या.