पुलाच्या मधोमध

मध्यरात्रीनंतर पुलावरचे दिवे जातात. काही क्षणांनी परत येतात, तेव्हा रस्त्यावर एका बाईचं प्रेत पडलेलं असतं. कमरेपर्यंतचा भाग स्वीडनमध्ये आणि खालचा डेन्मार्कमध्ये, बरोब्बर सीमारेषेवर. दोन्हीकडचे पोलीस येतात आणि प्रेत उचलायला जातात, तर कळतं की ते एकाच बाईचं नाही. वरचा अर्धा भाग माल्मोच्या एका राजकारणी बाईचा आहे आणि खालचा कोपनहेगनच्या एका वेश्येचा. २०११ साली सुरू झालेल्या ‘ब्रोन’ या मालिकेची ही सुरुवात. स्वीडिश लोक तिला ब्रोन म्हणतात आणि डॅनिश लोक ब्रोएन. दोन्हींचा अर्थ एकच, पूल.

आपल्याकडच्या तरुण मंडळींपैकी बऱ्याच जणांनी ती पाहिली असेल, निदान तिच्या नकला तरी. अमेरिका-मेक्सिकोची झाली, इंग्लंड-फ्रान्सची झाली (तिथे पुलाऐवजी समुद्राखालचा बोगदा), रशिया-एस्टोनियाची झाली, सिंगापूर-मलेशियाचीही झाली. एक सीमा आणि दोन पोलीस मिळाले की गोष्ट तयार. मी बेळगावची. सीमेवरचं प्रेत म्हटल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो खुनी कोण हा नव्हे, पंचनामा कुठल्या भाषेत करणार हा.

चौथा आणि शेवटचा भाग २०१८च्या १ जानेवारीला सुरू झाला. आधीचे तीन दहा-दहा प्रकरणांचे होते, हा आठांचाच. मी तो फार उशिरा पाहिला. आणि नंतर लगेच, फेब्रुवारीत, माझं माल्मोला जाणं झालं. कारण मालिका नव्हती, भाची होती. ती लुंडला शिकायला गेली होती, शिक्षण संपलं होतं, आणि पुलापलीकडच्या कोपनहेगनमध्ये एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती. माल्मोहून कोपनहेगन रेल्वेने साधारण पस्तीस मिनिटं. बेळगावहून चंदगडला जायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. तरीही घरात सगळ्यांच्या पोटात गोळा होता, त्याचं कारण पुढे येईलच.

आधी पूल. ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडणारी ही सगळी वाट साधारण सोळा किलोमीटरची आहे आणि ती तीन तुकड्यांत आहे. स्वीडनकडून निघालं की जवळपास आठ किलोमीटर पूल, मग चार किलोमीटरचं मानवनिर्मित बेट, मग चार किलोमीटर बोगदा. बोगदा कशाला, तर डेन्मार्कच्या टोकाला कास्ट्रुप विमानतळ आहे. उंच खांब उभे केले असते तर विमानांना अडचण झाली असती, शिवाय जहाजांची वाटही मोकळी ठेवायची होती. बेटाचं नाव पेबरहोल्म, म्हणजे मिरीचं बेट. शेजारी जुनं नैसर्गिक बेट आहे, त्याचं नाव साल्टहोल्म, मिठाचं बेट. इंजिनिअर लोकांनाही विनोद सुचतो तो असा. पेबरहोल्मवर सर्वसामान्य माणसाला पाय ठेवता येत नाही. तिथे आपणहून काय उगवतं आणि कोण येऊन राहतं, याचा अभ्यास जीवशास्त्रज्ञ करतात.

पुलाचे खांब दोनशे मीटरच्या वर उंच आहेत आणि मधला गाळा ४९० मीटरचा, तारांवर तोललेला. वरच्या मजल्यावर मोटारी, खालच्या मजल्यावर रेल्वे. २००० सालच्या १ जुलैला तो वाहतुकीला खुला झाला. चालत जायला वाट नाही, सायकललाही नाही. त्यामुळे मालिकेतल्या त्या जागेवर, बरोब्बर सीमेवर उभं राहायचं म्हटलं तर ते शक्यच नाही. मी माल्मोच्या बाजूच्या लेरनाकेनच्या किनाऱ्यावरून पूल पाहिला. वारा असा, की बोलताना अर्धी वाक्यं समुद्रात गेली. पाणी, आकाश आणि काँक्रीट, तिन्हींचा एकच रंग. मालिकेत सगळं राखाडी दिसतं ते कॅमेऱ्याचे चाळे असतील असं मला वाटायचं. फेब्रुवारीत तरी कॅमेऱ्याला फार काही करावं लागत नसणार. भाची म्हणाली, “मावशी, जूनमध्ये ये. रात्री दहापर्यंत उजेड असतो, लोक इथे पोहतात.” यावर विश्वास ठेवणं त्या क्षणी जड गेलं.

मालिकेची नायिका सागा नोरेन, माल्मोच्या पोलिसांतली. सोफिया हेलिन या नटीने ती उभी केली. तिला लोकांशी वागायची रीत कळत नाही, खोटं बोलता येत नाही, पण पुरावा दिसतो. जुनी हिरवट पोर्शे गाडी चालवते. (मालिका संपल्यावर ती गाडी लिलावात गेली आणि पैसे वॉटरएड या संस्थेला मिळाले.) फोन उचलला की ठरलेलं वाक्य: नाव, पोलीस खातं, शहर. “सागा नोरेन, लेन्सक्रिम, माल्मो.” चार भागांत हे इतक्या वेळा येतं की आमच्या घरात फोन घेताना कुणीतरी “अमुक अमुक, टिळकवाडी, बेळगाव” म्हणायचं आणि सगळे हसायचे. पहिल्या दोन भागांत तिचा डॅनिश जोडीदार मार्टिन आहे, पुढच्या दोन भागांत हेन्रिक. हेन्रिकच्या दोन मुली वर्षानुवर्षं बेपत्ता आहेत आणि तो अजून त्यांच्यासोबत जगतो, म्हणजे घरात त्या त्याला दिसतात. मला मार्टिनपेक्षा हेन्रिक आवडला. इथे आमच्या घरात मतभेद आहेत.

आता गोष्टीतला खरा फरक. पहिला भाग निघाला तेव्हा पूल उघडून अकरा वर्षं झाली होती. माणसं सकाळी माल्मोहून निघायची, कोपनहेगनमध्ये नोकरी करायची आणि संध्याकाळी परत यायची. कोपनहेगनची घरभाडी परवडेनात म्हणून डॅनिश लोकसुद्धा माल्मोत राहायला आले. पासपोर्ट कुणी विचारत नसे. सीमा होती, पण ती रस्त्यावरच्या एका रेघेइतकीच. म्हणून तर रेघेवर प्रेत ठेवण्यात नाट्य होतं. लोक विसरलेली रेघ कुणीतरी परत दाखवत होतं.

मग २०१५च्या शरद ऋतूत निर्वासितांचे लोंढे आले. नोव्हेंबरमध्ये स्वीडनने सीमेवर तपासणी सुरू केली आणि ४ जानेवारी २०१६ पासून गाडीत चढण्याआधीच ओळखपत्र दाखवणं सक्तीचं झालं. कोपनहेगनहून येणाऱ्यांना कास्ट्रुपला उतरून, कागद दाखवून दुसरी गाडी धरावी लागे. ती सक्ती पुढल्या वर्षी मे महिन्यात उठली, पण स्वीडनच्या बाजूची पोलीस तपासणी राहिली. शेवटचा भाग या हवेत लिहिला गेला आहे. त्यात पहिला बळी कोण, तर डेन्मार्कच्या स्थलांतर खात्याची प्रमुख. तिला पुलाजवळ दगडांनी ठेचून मारलं आहे. पुढचे खूनही मृत्युदंडाच्या निरनिराळ्या पद्धतींनी होतात. पहिल्या भागातला खुनी समाजाला धडे देत होता, या भागात गोष्ट सूडाची आहे आणि ती घरात घुसते. सागा स्वतः सुरुवातीला तुरुंगात आहे, आईच्या खुनाच्या आरोपाखाली. मला हा भाग चारांतला सर्वांत चांगला वाटत नाही. गुन्ह्याची गुंफण दुसऱ्या भागात जास्त घट्ट आहे. पण सर्वांत दुखरा हाच.

आमची गाडी पूल ओलांडून माल्मोकडच्या ह्युली स्थानकात थांबली आणि पोलीस डब्यात आले. दोघेही हसतमुख. समोर बसलेल्या डॅनिश आजोबांनी वर्तमानपत्रावरची नजर न काढता कार्ड वर धरलं. भाचीने पासपोर्ट आणि स्वीडनचं निवास कार्ड दोन्ही काढलं, मी माझा व्हिसा. पुरती एक मिनिटही लागली नाहीत. पण तिची बोटं पर्सच्या चेनवर किती वेळ होती, ते मी पाहिलं. बोगदा लागण्याआधीपासून.

आणि हेच ते पोटातल्या गोळ्याचं कारण. स्वीडनच्या निवास परवान्यावर डेन्मार्कमध्ये फिरायला जाता येतं, नोकरी करता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला डेन्मार्कचा वेगळा परवाना काढावा लागतो. युरोपीय संघातला तिचा वर्गमित्र उद्या सकाळी जाऊन कामाला लागू शकतो, आणि तिने कागद भरायचे, वाट पाहायची. तोवर स्वीडनमधल्या तिच्या परवान्याची मुदत संपत येणार. शेजारच्या गावात नोकरी मिळूनही मधे सरकार असतं, हे आम्हाला नवीन नाही. माझ्या वडिलांच्या पिढीने आंदोलनाच्या दिवसांत सीमेपर्यंत बस आणि पुढे पायी, हे केलेलं आहे. पण वडील ज्या रेघेबद्दल भांडले ती १९५६ साली त्यांच्या डोक्यावरून आखली गेली होती. भाचीने ही दुसरी स्वतःहून पत्करली आहे. तुलना फार ताणू नये.

तरीही ताणायचा मोह होतोच, कारण स्कोनेचा इतिहास. माल्मो आणि लुंड ज्या प्रांतात आहेत तो स्कोने १६५८ पर्यंत डेन्मार्कचा होता. रोस्किल्डच्या तहात तो स्वीडनकडे गेला. माल्मोचा किल्लाही डॅनिश राजानेच बांधून घेतलेला. आणि लुंडचं विद्यापीठ १६६६ साली काढलं, त्यामागे हा प्रांत स्वीडिश वळणावर आणणं हाही हेतू होता. आज तिथली बोली बाकीच्या स्वीडनला हसू आणते. घशातला ‘र’ डॅनिशसारखा. कोल्हापूर-बेळगावकडचा माणूस ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो तेव्हा पुण्यात जे होतं, तेच. स्कोनेचा झेंडासुद्धा मिश्र आहे, डेन्मार्कच्या लाल कापडावर स्वीडनचा पिवळा क्रूस.

मालिकेत सागा स्वीडिश बोलते, मार्टिन डॅनिश बोलतो, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळतं. प्रत्यक्षात इतकं सोपं नसतं. टीव्हीवर दाखवतानासुद्धा प्रत्येक देशात दुसऱ्याच्या भाषेखाली अक्षरं यायची. स्वीडिश लोकांची सर्वांत दांडी उडते ती डॅनिश आकड्यांत. कोपनहेगनमध्ये कॉफीवाल्या मुलीने भाचीला ‘हाल्वत्रेस’ म्हणून किंमत सांगितली. पन्नास. भाचीने मला समजावलं की हा शब्द ‘अर्धा-तिसरा गुणिले वीस’ याचा तुकडा आहे. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा.

“अगं, म्हणजे अडीच!” मी म्हणाले. “अडीच विसा पन्नास.”

माझी आजी शेणी अशाच मोजायची. तीन विसा, साडेतीन विसा. डॅनिशमध्ये सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा, आणि दीडलाही त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. स्वीडिश वर्गमित्रांना दोन वर्षांत न जमलेली गोष्ट भाचीला एका दुपारी पाठ झाली. ती कॉफीवाल्या मुलीला हे सांगायलाही गेली. मुलीला अर्थातच काही पडलेलं नव्हतं, मागे रांग होती.

माल्मो मालिकेतल्यासारखं भयाण नाही. तिथे साधारण एक तृतीयांश लोक परदेशात जन्मलेले आहेत, मोलेवांगच्या चौकात भाजीबाजार भरतो आणि शहराची ओळख म्हणावी असा पदार्थ आहे फलाफल. एके काळी हे जहाजबांधणीचं गाव होतं. कोकुम्स गोदीची अजस्र क्रेन कित्येक मैलांवरून दिसायची. धंदा बुडाला आणि ती क्रेन एका डॉलरला दक्षिण कोरियातल्या उल्सानच्या जहाज कारखान्याला विकली गेली. २००२ साली ती जहाजावर चढून गेली. तिला ‘माल्मोचे अश्रू’ असं नाव पडलं आहे. गोदीच्या जागी आता घरं आहेत, आणि पीळ दिलेला टर्निंग टॉर्सो हा १९० मीटरचा मनोरा. मालिकेत तो मागे कुठेतरी उभा असतो. मला क्रेन पाहायला जास्त आवडली असती.

ज्यांना शेवट आधी कळायला नको, त्यांनी एवढा परिच्छेद सोडावा. सगळी प्रकरणं मिटल्यावर सागा पुलावर गाडी थांबवते, खिशातलं पोलीस ओळखपत्र काढते आणि समुद्रात फेकते. आपण पोलीस का झालो, हे तिला या भागात उमगलेलं असतं, बहिणीच्या मृत्यूचं ओझं. फोन वाजतो. ती उचलते आणि म्हणते, “सागा नोरेन.” पुढे खातं नाही, शहर नाही. बेळगावात हे पाहताना मला चटका लागला होता, आणि तो निव्वळ आनंदाचा नव्हता. आमच्यात माणूस नुसत्या नावावर ओळखला जात नाही. कुठले तुम्ही, मूळ गाव कुठलं, हे दोन प्रश्न चहाच्या आधी येतात. भाचीला मी विचारलं, तुला तो शेवट कसा वाटला. ती म्हणाली, “तिच्याकडे स्वीडनचा पासपोर्ट आहे मावशी. तिला कार्ड फेकायला काय जातंय?”

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही.

मी परत आले त्याला आता दोन महिने झाले. डेन्मार्कच्या परवान्याचा निकाल यायचा आहे. कंपनी थांबायला तयार आहे, असं तिने परवाच कळवलं. परवाना आला तरी राहायला ती माल्मोतच राहणार म्हणते. भाडं कमी आहे, आणि मोलेवांगच्या बाजारात कोथिंबीर मिळते.